ओळखीच्या शब्दांचा दगा

भारतीय पासपोर्टात राष्ट्रपतींच्या नावाने एक विनंतीवजा आदेश छापलेला असतो. धारकाला मोकळेपणाने जाऊ द्यावे, त्याला कोणताही ‘लेट’ किंवा ‘हिंड्रन्स’ होऊ नये आणि गरज पडेल तेव्हा मदत व संरक्षण मिळावे, असा त्याचा आशय. हे वाक्य लक्ष देऊन वाचणाऱ्याला त्यातला ‘लेट’ खटकला पाहिजे. शाळेपासून ‘लेट’ म्हणजे ‘करू देणे’ असेच आपण शिकत आलो. इथे मात्र तो अडथळ्याच्या पंगतीला बसला आहे. ही छपाईची चूक नाही. जुन्या इंग्रजीत दोन वेगळी क्रियापदे होती. एकाचा अर्थ करू देणे, दुसऱ्याचा अडवणे. उच्चार झिजत गेले आणि कालांतराने दोघांचे रूप एकच झाले. परवानगी आणि मनाई एकाच शब्दाने सांगायची वेळ आल्यावर कोणाला तरी माघार घ्यावी लागणार हे उघड होते. अडवणारा ‘लेट’ मागे हटला, पण पुरता गेला नाही. टेनिसमध्ये सर्व्हिसचा चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला की पंच जो ‘लेट’ पुकारतात, तो हाच. आणि कायद्याच्या जोडशब्दाला धरून तो आपल्या पासपोर्टापर्यंत येऊन पोहोचला.

इंग्रजीतल्या जुन्या शब्दांबद्दलचे कुतूहल काही कमी नाही. ‘फॉरसूथ’, ‘हिदर’, ‘बिट्विक्स्ट’, ‘क्वोथ’ अशा शब्दांच्या याद्या निघतात, विस्मृत शब्दांची पुस्तके निघतात, आणि वाचणाऱ्याला जुन्या काळाची गोडी चाखल्यासारखे वाटते. गंमत म्हणून यात वावगे काहीच नाही. पण हे कुतूहल चुकीच्या दारात उभे आहे, असे माझे म्हणणे आहे. जुना दिसणारा शब्द वाचकाला फसवत नाही. वाचक त्याला अडखळतो, थांबतो, कोश उघडतो आणि पुढे जातो. फसवतो तो आजही रोजच्या वापरात असलेला शब्द, ज्याचा अर्थ मधल्या दोन-चारशे वर्षांत सरकला आहे. तिथे वाचक थांबतच नाही, कारण थांबावे असे त्याला काही दिसतच नाही. तेव्हा अभ्यास करायचा तर या दुसऱ्या जातीच्या शब्दांचा करायला हवा. आणि त्यासाठी मूळ धातू सांगून भागत नाही. कोणत्या काळी, कोणत्या ठिकाणी, कोणाच्या तोंडी तो शब्द काय सांगत होता, याचा पुरावा द्यावा लागतो. हा पंडिती चोखंदळपणा वाटेल, पण तो नाही. ज्या कायद्यांना आणि धर्मग्रंथांना माणसे आजही बांधलेली आहेत, त्यांतले कळीचे शब्द बहुधा याच जातीचे असतात.

१६११ साली छापलेले किंग जेम्स बायबल हा याचा सर्वांत ठळक पुरावा. इंग्रजी बोलणाऱ्या जगात या ग्रंथाइतका मोठ्याने वाचला गेलेला दुसरा ग्रंथ क्वचितच असेल. त्यात ‘प्रिव्हेंट’ हा शब्द लॅटिन मुळाला धरून ‘आधी येणे’ या अर्थाने येतो. स्तोत्रकर्ता पहाटेला ‘प्रिव्हेंट’ करतो, म्हणजे पहाट रोखत नाही; पहाट होण्याआधी उठतो. इंग्लंडच्या चर्चच्या १६६२ च्या प्रार्थनापुस्तकात तर भक्त देवालाच विनवतो की तू आम्हाला ‘प्रिव्हेंट’ कर; त्याला म्हणायचे असते, तू आमच्या पुढे चाल. ‘सफर’ म्हणजे सोसणे एवढेच नव्हते, ‘होऊ देणे’ हाही त्याचा अर्थ होता. ‘कन्व्हर्सेशन’ म्हणजे बोलणे नव्हे, वागणूक. ‘क्विक’ म्हणजे जिवंत. सर्वांत बोलके उदाहरण ‘मीट ऑफरिंग’चे. आजचा वाचक मांसाचा नैवेद्य समजेल, पण लेवीय ग्रंथात त्या अर्पणाची जी कृती सांगितली आहे तिच्यात पीठ आहे, तेल आहे, ऊद आहे आणि मांसाचा मागमूस नाही. ‘मीट’ म्हणजे तेव्हा कोणतेही अन्न. १९५२ मध्ये अमेरिकेत सुधारित भाषांतर पूर्ण झाले, तेव्हा संपादकांनी प्रस्तावनेत नेमके यावर बोट ठेवले: ज्यांचा अर्थ लक्षणीय बदलला आहे असे तीनशेहून अधिक शब्द जुन्या भाषांतरात आहेत, आणि वाचकाला त्याची कल्पना नसते. जुनाट वळणाचे शब्द संपादकांना खुपत होते ते वेगळेच. पण दिशाभूल करतात म्हणून त्यांनी या तीनशेंची वेगळी नोंद घेतली.

यावर पहिला आक्षेप सहज सुचतो. संदर्भ असतो की! पहाटेला कोणी रोखू शकत नाही हे वाचकाला कळते, आणि पिठाचा उल्लेख आला की मांसाचा प्रश्न आपोआप मिटतो. हा आक्षेप खरा आहे, पण तो अर्धाच खरा आहे. जुना अर्थ आणि नवा अर्थ यांत मोठी दरी असते तिथे वाक्य बिघडते आणि वाचक सावध होतो. दरी लहान असली की दोन्ही अर्थ वाक्यात चपखल बसतात, आणि चुकीच्या अर्थानेही मजकूर अगदी गुळगुळीत वाचला जातो. सी. एस. लुइस यांनी १९६० च्या आपल्या शब्दविषयक अभ्यासात वाचकाच्या मनात आपसूक पुढे येणाऱ्या अशा आजच्या अर्थाला धोकादायक अर्थ म्हटले होते, ते याचसाठी. जेन ऑस्टिनची १८१३ ची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही कादंबरी घ्या. त्यातली थोरली बहीण जेन हिच्या ‘कॅन्डर’चे कौतुक होते. आज ‘कॅन्डर’ म्हणजे परखडपणा, मनातले तोंडावर बोलणे. त्या अर्थाने वाचले तरी वाक्य कुठे अडत नाही. मात्र जेनचे पात्र पार उलटे होऊन बसते. १८व्या शतकात ‘कॅन्डर’ म्हणजे दुसऱ्याबद्दल मन स्वच्छ ठेवणे, त्याच्या वागण्याचा होईल तितका चांगला अर्थ लावणे. जेन तोंडाळ नाही. कोणाबद्दल वाईट विचार करणे तिला जमत नाही, आणि धाकट्या बहिणीला, एलिझाबेथला, तिची काळजी वाटते ती त्यामुळेच. इथे संदर्भ वाचकाला वाचवायला येत नाही. उलट चुकीच्या वाचनाला तोच हातभार लावतो.

सर्वनामांच्या बाबतीत हा घोटाळा तर आणखी सूक्ष्म होतो. ‘दाऊ’ हे रूप आज इंग्रजी वाचकाला भारदस्त, पूजेतले, अंतर राखणारे वाटते, कारण त्याच्या कानावर ते फक्त प्रार्थनेतून आणि जुन्या नाटकांतून पडते. प्रत्यक्षात ‘दाऊ’ हे जवळिकीचे एकवचन होते. ते मुलांना, मित्रांना, नोकरांना आणि देवाला वापरले जाई; ‘यू’ हे अनेकवचन आणि आदरार्थी रूप. १६०३ मध्ये विंचेस्टरला सर वॉल्टर रॅले यांच्यावर राजद्रोहाचा खटला चालला, तेव्हा सरकारी वकील एडवर्ड कोक यांनी त्यांना भर न्यायालयात ‘दाऊ’ म्हणून अरेतुरे केले, आणि हा अपमान इतिहासात नोंदला गेला. त्याच शतकात जॉर्ज फॉक्स आणि त्यांचे क्वेकर अनुयायी राजापासून मजुरापर्यंत सर्वांना ‘दाऊ’च म्हणू लागले. देवापुढे सगळे सारखे, मग आदरार्थी अनेकवचन कोणाला आणि का, असा त्यांचा सवाल होता. त्यासाठी अनेकांनी मार खाल्ला. आजच्या इंग्रज वाचकाला यातली धार टिपण्यासाठी तळटीप लागते. मराठी वाचकाला ती लागत नाही. विठ्ठलाला ‘तू’ म्हणण्यात उद्धटपणा नाही आणि अनोळखी वडीलधाऱ्याला ‘तू’ म्हणण्यात आहे, हे आपण बोलतानाच शिकलेलो असतो. जुन्या इंग्रजीच्या या कोपऱ्यात लंडनच्या वाचकापेक्षा पंढरपूरचा वाचक अधिक सहज वावरू शकतो. याउलट ‘ये ओल्ड’ अशी पाटी लावणारी दुकाने जुनेपणाचा नुसता मुखवटा चढवतात. तिथला ‘ये’ हा शब्द कधी अस्तित्वातच नव्हता. ‘थ’चा उच्चार दाखवणारे एक जुने अक्षर होते, हस्तलिखितांत ते हळूहळू ‘वाय’सारखे दिसू लागले आणि छपाई आल्यावर त्याच्या जागी ‘वाय’ जुळवला जाऊ लागला. लिहिणारा आणि वाचणारा दोघेही त्याचा उच्चार ‘द’ असाच करीत.

अर्थ सरकतात ते वाटेल तसे सरकत नाहीत, हा या अभ्यासातला सर्वांत मोलाचा भाग. ‘व्हिलन’ हा शब्द हिंदी सिनेमामुळे आपल्या घरचा झाला आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये तो जमीनदाराच्या जमिनीशी बांधलेल्या कुळाचा वाचक होता. १३८१ च्या शेतकरी बंडातली एक प्रमुख मागणी ही वेठ संपवावी अशीच होती. कुळाला ज्या नावाने हाक मारायची तेच नाव पुढे दुष्टाचे झाले. ‘बूर’ म्हणजे शेतकरी, तो अडाणी ठरला. ‘चर्ल’ म्हणजे सामान्य माणूस, तो हलकट ठरला. याउलट ‘नोबल’, ‘जेंटल’, ‘जेनरस’, ‘लिबरल’ हे शब्द मुळात उच्च कुळाचे किंवा स्वतंत्र दर्जाचे वाचक. ते सद्गुणांची नावे होऊन बसले. लुइस यांनी याला दर्जावाचक शब्दांचे नैतिकीकरण म्हटले आहे. ‘नाइट’ आणि ‘नेव्ह’ या जोडीत तर हे हिशेब मांडल्यासारखे दिसते. दोन्ही शब्दांचा जुना अर्थ मुलगा, पोरगा, चाकर. एकाच्या हाती घोडा, शस्त्र आणि जमीन आली, तो सरदार झाला. दुसऱ्याच्या हाती काही आले नाही, तो लबाड झाला. स्त्रियांच्या बाबतीतही तेच. ‘हाउसवाइफ’ या शब्दाचाच झिजलेला अवतार ‘हसी’, म्हणजे उनाड बाई. घरधन्याचा वाचक ‘हजबंड’ मात्र अब्रूने नांदला. सूत कातणारी ती ‘स्पिन्स्टर’; हा शब्द पुढे अविवाहित स्त्रीची कायदेशीर ओळख झाला आणि त्याला हळूहळू हेटाळणी चिकटली. ‘बॅचलर’ला ती कधी चिकटली नाही. इंग्लंड आणि वेल्सच्या विवाहनोंदीतून हे दोन्ही शब्द अखेर २००५ मध्ये गेले. ‘स्त्री’ या अर्थाच्या एकाच कुळातून दोन शब्द निघाले: एक सिंहासनावर बसला, ती ‘क्वीन’, दुसऱ्याचा उच्चार जवळजवळ तोच, पण अर्थ बदफैली बाई. म्हणजे अर्थाची घसरण शब्दाच्या अंगी उपजत नसते. शब्द ज्याला लावला जातो त्याची समाजातली पत जशी चढते-उतरते, तसा शब्द चढतो-उतरतो.

ही प्रक्रिया उलट्या दिशेनेही वाचता येते. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्येच मिस्टर कॉलिन्स हे पाद्री आपल्या आश्रयदात्या लेडी कॅथरिनच्या ‘कॉन्डिसेन्शन’चे तोंडभरून गुणगान करतात. आजच्या वाचकाला वाटते, या गृहस्थाला आपला अपमानही कळत नाही. त्या काळी मात्र ‘कॉन्डिसेन्शन’ हा गुण होता: वरच्या पायरीवरच्या माणसाने आपण होऊन खाली उतरून खालच्याशी मोकळेपणाने वागणे. कॉलिन्स हास्यास्पद आहेत ते स्तुती अतोनात करतात म्हणून. शब्द चुकीचा निवडतात म्हणून नव्हे. पुढच्या दीडशे वर्षांत पायऱ्यांवरचा विश्वासच ढळला. मुळात वरचढपणाच मान्य नसेल तर खाली उतरण्याचे उपकार कोण मानणार? गुणवाचक शब्द दोषवाचक झाला, आणि लोकशाही मनात किती खोल रुजली याची ती एक खूण ठरली. जाहीरनामे समाज काय म्हणतो ते सांगतात. तो कशाला चांगले मानतो हे अशा शब्दांच्या चढउतारात उमटते, तेही कोणी हेतुपुरस्सर नोंदवलेले नसताना.

पण हे सगळे कळते कसे? आज जे आपण छातीठोकपणे सांगू शकतो, त्यामागे एका प्रचंड उद्योगाचे श्रम आहेत. सॅम्युअल जॉन्सन यांनी १७५५ मध्ये आपला कोश प्रसिद्ध केला तेव्हा, भाषा एका जागी थांबवण्याची आपली मूळ आशा फोल होती, असे त्यांनी प्रस्तावनेतच मान्य केले. १८५७ मध्ये रिचर्ड शेनेव्हिक्स ट्रेंच यांनी लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे इंग्रजी कोशांतल्या उणिवांवर निबंध वाचले. कोशकाराने चांगले शब्द निवडणारा न्यायाधीश होऊ नये, शब्दांचा इतिहासकार व्हावे, ही त्यांची भूमिका होती. त्यातून उभा राहिला तो ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी हा कोश. १८७९ पासून जेम्स मरे त्याचे संपादक; पहिला भाग १८८४ मध्ये निघाला आणि काम संपले १९२८ मध्ये, मरे यांच्या मृत्यूनंतर १३ वर्षांनी. पद्धत साधी आणि कठोर होती: जगभरच्या हौशी वाचकांनी पुस्तके वाचायची, शब्द ज्या वाक्यात आला ते वाक्य, पुस्तक आणि साल एका चिठ्ठीवर उतरवायचे आणि पाठवायचे. अशा लाखो चिठ्ठ्या वर्गवार लावून प्रत्येक अर्थ पहिल्यांदा केव्हा दिसतो आणि केव्हा मावळतो हे ठरवले गेले. बनारसच्या संस्कृत महाविद्यालयात शिकवलेले अमेरिकन पंडित फिट्झएडवर्ड हॉल हे या कामातले एक अथक स्वयंसेवक होते. ‘बॉण्डमेड’ या शब्दाच्या चिठ्ठ्या गहाळ झाल्या आणि तो शब्द मूळ कोशातून सुटला; १९३३ च्या पुरवणीत तो घेतला गेला. चिठ्ठी नाही तर शब्द नाही, असा हा बाणा. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात १९४८ मध्ये सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचे काम हाती घेतले ते याच ऐतिहासिक पद्धतीने. एका भाषेसाठी किती पिढ्या खर्ची पडतात, ते पाहायला आपल्याला ऑक्सफर्डला जावे लागत नाही.

या पद्धतीचे महत्त्व मानले की दुसऱ्या टोकाची चूकही टाळावी लागते. जुना अर्थ कळला की काही जणांना तोच ‘खरा’ अर्थ वाटू लागतो. ‘डेसिमेट’ म्हणजे दहांतला एक मारणे, तेव्हा पुष्कळांचा संहार या अर्थाने तो वापरू नये, असे ते बजावतात. या तर्काने ‘नाइस’चा खरा अर्थ ‘अजाण’ ठरेल, कारण लॅटिनमध्ये त्याचे मूळ ‘न जाणणारा’ हे आहे; आणि ‘सिली’ या शब्दाचा खरा अर्थ ‘धन्य’ ठरेल, कारण जुन्या इंग्रजीत तो सुखी, कृपापात्र माणसाला लावला जाई. तिथून निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि शेवटी मूर्ख अशा पायऱ्या तो उतरला. यातली कोणतीही एक पायरी खरी आणि बाकीच्या खोट्या असे म्हणण्याला आधार नाही. प्रत्येक अर्थ आपापल्या काळात खरा होता. जिवंत भाषेत आजचा अर्थच चालतो, हे विरोधकांचे म्हणणे म्हणूनच मला पूर्ण मान्य आहे. मात्र त्यातून जुने अर्थ निरुपयोगी आहेत असा निष्कर्ष निघत नाही. बोलणाऱ्याने आजचा अर्थ वापरावा आणि वाचणाऱ्याने लिहिणाऱ्याच्या काळचा अर्थ शोधावा, या दोन गोष्टी एकाच तत्त्वातून निघतात: अर्थ वापरात असतो, आणि वापराला तारीख असते.

हा वाद कायद्याच्या दारात पोहोचतो तेव्हा त्याचे वजन बदलते. अमेरिकेच्या १७८७ च्या संविधानात ‘डोमेस्टिक व्हायलन्स’पासून प्रत्येक राज्याचे रक्षण करण्याची हमी आहे. आज हा शब्दप्रयोग घरातल्या मारहाणीचा वाचक आहे. तेव्हा तो राज्यांतर्गत बंडाळीचा होता. इथे कोणी गोंधळत नाही, कारण दरी मोठी आहे. पण शस्त्रे बाळगण्याच्या हक्काविषयीच्या दुसऱ्या दुरुस्तीत ‘बेअर आर्म्स’ हे शब्द आहेत, आणि तिथे दरी लहान आहे. २००८ च्या हेलर खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे पाच विरुद्ध चार असे दोन तट पडले. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलिया यांनी जॉन्सनच्या कोशाची १७७३ ची आवृत्ती पुढे केली आणि या शब्दांना वैयक्तिक शस्त्रधारणाचा अर्थ दिला. विरोधी मत नोंदवणारे न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी तो लष्करी सेवेचा रूढ शब्दप्रयोग असल्याचे सांगितले. पुढे त्या काळच्या मजकुरांचे संगणकीय संग्रह उपलब्ध झाले आणि भाषाभ्यासकांनी दाखवले की ही जोडी तेव्हा बहुतांश ठिकाणी लष्करी संदर्भातच येत असे. यातून कोणत्या बाजूने बंदुकांचे धोरण ठरावे हे सिद्ध होत नाही. एवढे मात्र सिद्ध होते की सुटा शब्द कोशात पाहणे आणि शब्द कसा वापरला जात होता हे पाहणे यांत निकाल फिरवण्याइतके अंतर असू शकते.

आपल्याकडे असाच प्रवास ‘मॉडेस्टी’ या शब्दाचा झाला. १८६० च्या भारतीय दंड संहितेच्या कलम ३५४ मध्ये स्त्रीच्या ‘मॉडेस्टी’चा भंग करण्याच्या हेतूने केलेला हल्ला हा गुन्हा होता. या शब्दाच्या लॅटिन मुळात माप आणि मर्यादा आहे. इंग्रजीत तो आधी संयमाचा, मग विशेषतः स्त्रीच्या शालीनतेचा आणि शीलाचा वाचक झाला. आजच्या बोलण्यात त्याचा मनात पहिला येणारा अर्थ बढाई न मारणे हा आहे. १९६६ मध्ये पंजाब राज्य विरुद्ध मेजर सिंग या खटल्यात प्रश्न आला तो साडेसात महिन्यांच्या बालिकेवरील अत्याचाराचा. तान्ह्या मुलीला ‘मॉडेस्टी’ असते का? सरन्यायाधीश सरकार यांचे उत्तर नकारार्थी होते. न्यायमूर्ती मुधोळकर आणि बच्छावत यांनी बहुमताने ठरवले की असते. तिचे वय आणि तिची जाणीव यांवर ती अवलंबून नाही. १९९५ च्या रूपन देओल बजाज प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कोश उघडले, शालीनतेचे जुने अर्थ नोंदवले आणि मग स्त्रीच्या सभ्यतेच्या जाणिवेला धक्का बसणे ही कसोटी पुढे ठेवली. मराठीत या गुन्ह्याला आपण ‘विनयभंग’ म्हणतो, आणि गंमत म्हणजे ‘विनय’ या शब्दाची वाटचालही समांतर आहे. बौद्धांच्या विनयपिटकात विनय म्हणजे शिस्त, आचारनियम. आज विनय म्हणजे नम्रता. रोज वर्तमानपत्रात हा शब्द वाचणाऱ्याला हल्ला नेमका कशावर झाला, हे त्या शब्दातून कळत नाही. देहावर झालेला हल्ला जुन्या नीतिकल्पनेच्या पडद्याआड जातो, आणि पीडितेचे वागणे शालीन होते का, असला गैरलागू प्रश्न विचारायला वाट मोकळी राहते.

इंग्रजीच्या जुन्या अर्थांशी मराठी माणसाचा संबंध काय, असे विचारणाऱ्याला याहून वेगळे उत्तर देण्याची गरज नाही. तरी आणखी दोन गोष्टी नोंदवाव्याशा वाटतात. एक म्हणजे, जुनेपण हा शब्दाचा अंगभूत गुण नाही, ते ठिकाणावर अवलंबून असते. अवेळी खाण्यापिण्याला १८व्या शतकातल्या इंग्रजी बोलीत जो शब्द होता त्यातून ‘टिफिन’ आला असे मानतात. इंग्लंडात तो अर्थ जवळजवळ विसरला गेला. मुंबईत तो रोज लोकलने प्रवास करतो. नांगराच्या तासाच्या लांबीवरून आलेला फर्लांग इंग्लंडात आता मुख्यतः घोड्यांच्या शर्यतीपुरता उरला, आपल्याकडे जुन्या पिढीच्या बोलण्यात तो अंतर मोजत राहिला. ‘डू द नीडफुल’ला हसणाऱ्याला हे ठाऊक नसते की १९व्या शतकात खुद्द इंग्लंडचे लोक ते सर्रास लिहीत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. मराठीचा १९व्या शतकातला अर्थ शोधताना आपण आजही मोल्सवर्थच्या कोशाकडे जातो. त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची, म्हणजे ट्रेंच यांनी आपले निबंध वाचले त्याच वर्षीची. त्यातले मराठी शब्दांचे अर्थ त्या वेळच्या इंग्रजीत दिलेले आहेत. ‘नाइस’ हा शब्द त्या पिढीत ‘काटेकोर, सूक्ष्म’ या अर्थानेही सहज चालत असे. आजच्या इंग्रजीने तो कोश वाचला तर चूक इंग्रजी शब्दाची होते आणि तिचा भुर्दंड मराठी शब्दाला बसतो.

शेवटचा आक्षेप विरुद्ध बाजूने येतो. जुना अर्थ शोधण्याचा आग्रह म्हणजे जुन्या लोकांच्या मताला बांधून घेणे नव्हे का? १८६० च्या कायदेकारांना ‘मॉडेस्टी’ म्हणजे काय अभिप्रेत होते हे कळले, तर न्यायालयाने तिथेच थांबावे का? माझे उत्तर नाही असे आहे. लिहिणाऱ्याला काय म्हणायचे होते हे समजणे ही वाचनाची पहिली पायरी; ते मान्य करायचे की नाकारायचे हा वेगळा निर्णय, आणि तो उघडपणे, कारणे देऊन घ्यायचा असतो. १९६६ च्या बहुमताने शालीनतेच्या जाणिवेवर उभा असलेला अर्थ बाजूला सारला, आणि योग्यच केले. अर्थ गुपचूप सरकू देण्यात मात्र निर्णयही होत नाही आणि जबाबदारीही कोणाकडे येत नाही. म्हणून जुना मजकूर वाचताना शब्दाची तारीख पाहावी आणि नवा मजकूर लिहिताना आजचा शब्द वापरावा, हा नियम मला दोन्ही बाजूंनी न्याय्य वाटतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेला ही संधी होती. वसाहतकाळाची छाप पुसण्याच्या घोषणेने आलेल्या या कायद्याने कलमाचा क्रमांक ३५४ वरून ७४ केला. ‘मॉडेस्टी’ जागच्या जागी ठेवली. म्हणजे पुढच्या खटल्यातही न्यायालयाला कोश उघडावा लागेल, आणि तो कोणत्या सालचा उघडायचा हे पुन्हा नव्याने ठरवावे लागेल.